खाणकामगारांचा अभयदीप : सर हम्फ्री डेव्ही

हातात धरून नेता येणारा उजेड ही आज अगदी किरकोळ बाब झाली आहे. मोबाइलवर बोट टेकवले की खोली उजळते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने मात्र रॉकेलची चिमणी पाहिली, कंदिलाच्या काचा राखेने पुसल्या आणि दोन सेलची विजेरी घरात आली तेव्हा तिचे अप्रूप केले. त्या काळी दिव्याची काळजी घ्यायची म्हणजे वाऱ्यापासून ज्योत जपायची, एवढेच सर्वांना ठाऊक होते. पण जगात एक जागा अशी होती, जिथे ज्योतीपासून माणसाला जपावे लागे. ती जागा म्हणजे कोळशाची खाण. तिथे दिव्यावाचून पाऊल टाकता येत नसे आणि दिवा नेला तर जीव जाण्याची भीती असे. दोनशे वर्षांपूर्वी हा पेच ज्याने सोडवला, त्या सर हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाची ही कहाणी. विज्ञानाच्या पुस्तकांत त्याचे नाव सोडियम आणि पोटॅशियम या धातूंच्या शोधासाठी येते. खाणीतल्या माणसांनी मात्र ते नाव एका दिव्याला दिले आणि तेच अधिक टिकले.

लाकूड कोरणाऱ्याचा मुलगा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. समुद्र, खडक आणि कथील-तांब्याच्या खाणी यांचा हा मुलूख. तिथल्या पेन्झन्स या गावी 17 डिसेंबर 1778 रोजी हम्फ्रीचा जन्म झाला. वडील रॉबर्ट लाकडावर नक्षी कोरणारे कारागीर. पाच भावंडांत हम्फ्री थोरला. शाळेत तो फारसा चमकला नाही. गोष्टी सांगणे, कविता करणे, गळ टाकून मासे पकडणे आणि किनाऱ्यावरचे दगड गोळा करणे हे त्याचे उद्योग.

1794 साली वडील वारले. घर कर्जात होते आणि आई ग्रेस हिच्या पदरी पाच मुले. पुढच्याच वर्षी हम्फ्रीला गावातल्या बॉर्लेस नावाच्या शल्यवैद्याकडे उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. औषधे कुटायची, मिश्रणे करायची, रोग्यांकडे जायचे. या दवाखान्यातच त्याला रसायनांची गोडी लागली. लाव्हॉझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ त्याच्या हाती पडला. तो वाचून एकोणीस वर्षांचा हा मुलगा घरच्या भांड्याकुंड्यांत प्रयोग करू लागला आणि त्या थोर ग्रंथकाराचे उष्णतेविषयीचे मत चुकीचे आहे, असे धिटाईने मांडूही लागला.

दैवही अनुकूल होते. वाफेच्या यंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉटचा मुलगा ग्रेगरी हवापालटासाठी पेन्झन्सला आला आणि डेव्हीच्या आईकडेच भाडेकरू म्हणून राहिला. त्याची आणि हम्फ्रीची मैत्री जमली. गावातल्या डेव्हिस गिडी या विद्वान गृहस्थानेही या मुलाची चमक ओळखली. या दोघांच्या ओळखीतून 1798 साली ब्रिस्टलच्या डॉ. बेडोज यांनी त्याला आपल्या संस्थेत बोलावून घेतले. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे करता येतील का, हे तपासण्यासाठी ही संस्था निघाली होती.

स्वतःवरचे प्रयोग

वायू तपासायचा तर कुणावर? डेव्हीने स्वतःवरच तपासायला सुरुवात केली. नायट्रस ऑक्साइड हा वायू त्याने पिशवीत भरून हुंगला, तेव्हा त्याला विलक्षण उल्हास वाटला आणि हसू आवरेना. हाच पुढे हास्यवायू म्हणून प्रसिद्ध झाला. कोलरिज आणि साउदी या कवींनीही तो हुंगून पाहिला. या वायूने वेदना बोथट होतात आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, असे डेव्हीने 1800 साली आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवले. पण त्या ओळीकडे कुणाचे लक्ष गेले नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावरची माणसे आणखी चार दशकांहून अधिक काळ शुद्धीवर असतानाच कापली जात राहिली. पुढे दुसरा एक विषारी वायू हुंगताना डेव्ही स्वतः मरणाच्या दारातून परत आला. धोक्याची तमा न बाळगण्याचा हा स्वभाव जन्मभर टिकला.

1801 साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याची नेमणूक झाली. विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी ही संस्था नुकतीच स्थापन झाली होती. डेव्ही दिसायला देखणा, वाणी ओघवती आणि प्रयोग नाट्यमय. त्याच्या व्याख्यानांना सरदार, व्यापारी आणि विशेषतः स्त्रिया इतक्या गर्दी करत की, संस्थेसमोरच्या आल्बेमार्ल स्ट्रीटवर घोडागाड्यांची कोंडी होऊ लागली आणि तो लंडनमधला पहिला एकेरी वाहतुकीचा रस्ता ठरला, असे सांगतात.

इटलीच्या व्होल्टाने 1800 साली विजेची पहिली बॅटरी जगापुढे मांडली होती. धातूंच्या चकत्या आणि खारट पाण्यात भिजवलेले तुकडे एकावर एक रचून केलेली ती चळत. डेव्हीने या नव्या साधनाची ताकद सर्वांआधी ओळखली. वीज जर रसायनांच्या क्रियेतून निर्माण होत असेल, तर विजेने रसायनांचे घटक सुटे करता आले पाहिजेत, असा त्याचा तर्क. 1807 च्या ऑक्टोबरात त्याने वितळलेल्या पोटॅशमधून वीजप्रवाह सोडला आणि चांदीसारखे चकाकणारे, हवेत पेट घेणारे थेंब बाहेर पडले. तो पोटॅशियम हा नवा धातू होता. त्या आनंदात डेव्ही प्रयोगशाळेत अक्षरशः नाचला. पाठोपाठ सोडियम आणि पुढच्या वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम. इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांशी लढत असतानाही फ्रान्सच्या विद्वत्संस्थेने त्याला पारितोषिक दिले.

याच काळात रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात दोन हजार जोडपट्ट्यांची प्रचंड बॅटरी उभी राहिली. तिच्या दोन टोकांना जोडलेल्या कोळशाच्या कांड्या एकमेकींजवळ आणून किंचित दूर केल्या की, मधल्या फटीत डोळे दिपवणारी प्रकाशाची कमान उभी राही. प्लॅटिनमच्या तारेतून प्रवाह सोडून ती झळाळताना त्याने दाखवली ती वेगळीच. विजेपासून उजेड मिळू शकतो, हे अशा तऱ्हेने सिद्ध झाले. पण त्यासाठी तळघरभर बॅटरी लागत होती. हा उजेड हातात धरून नेण्याजोगा व्हायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे जावी लागणार होती.

फेलिंगची खाण

1812 चे वर्ष डेव्हीला मानाचे गेले. एप्रिलमध्ये तो सर झाला आणि तीनच दिवसांनी जेन एप्रीस या श्रीमंत विधवेशी त्याचा विवाह झाला. त्यानंतरच्या महिन्यात, 25 मे रोजी, इंग्लंडच्या ईशान्येस न्यूकॅसलजवळच्या फेलिंग खाणीत स्फोट झाला. 92 माणसे गेली. त्यांत कोवळ्या वयाची मुलेही होती. आतली आग विझावी म्हणून खाणीची तोंडे बुजवावी लागली. मृतदेह बाहेर काढायला सुरुवात झाली ती कित्येक आठवड्यांनी.

कोळशाच्या थरांत मिथेन वायू कोंडलेला असतो. कुदळीचा घाव बसला की भेगांतून तो बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के झाले की एक ठिणगीही पुरते. आणि खाणकामगाराच्या हाती काय, तर उघडी मेणबत्ती. तिला पर्याय म्हणून पोलादी चाकावर गारगोटी घासून ठिणग्या पाडणारे एक यंत्र होते. एका मुलाने ते फिरवत राहायचे आणि त्या ठिणग्यांच्या उजेडात दुसऱ्याने कोळसा खणायचा. ठिणग्यांनी वायू पेटत नाही, अशी समजूत होती. तीही स्फोटांनी खोटी ठरवली.

फेलिंगचे धर्मगुरू जॉन हॉजसन यांनी आपल्याच माणसांना मूठमाती दिली होती. खाणमालकांना अशा बातम्या फुटलेल्या आवडत नसत. तरीही हॉजसन यांनी अपघाताचा सविस्तर वृत्तांत छापून प्रसिद्ध केला. त्यामुळे देशभर हळहळ व्यक्त झाली आणि 1813 साली संडरलंडला असे अपघात टाळण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. तिथलेच डॉ. क्लॅनी यांनी भात्याने हवा भरायचा एक दिवा तयारही केला होता, पण तो अवजड होता.

डेव्ही या सुमारास युरोपच्या प्रवासात होता. बरोबर पत्नी आणि मायकेल फॅरेडे नावाचा तरुण मदतनीस. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. डेव्हीची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, ती सुरेख बांधली आणि डेव्हीकडे पाठवून नोकरी मागितली. प्रयोगात झालेल्या स्फोटाने डेव्हीच्या डोळ्यांना इजा झाली होती. त्याला मदतनीस हवाच होता. 1813 च्या मार्चमध्ये फॅरेडे कामावर रुजू झाला. पॅरिसमध्ये आयोडीन, फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाखाली हिरा जाळून तो शुद्ध कार्बन असल्याचा पुरावा, मिलानमध्ये वृद्ध व्होल्टाची भेट, असा हा प्रवास झाला. 1815 च्या वसंतात मंडळी लंडनला परतली. त्याच वर्षी संडरलंडच्या मंडळाने डेव्हीला साकडे घातले.

जाळीतली ज्योत

ऑगस्ट 1815 मध्ये डेव्ही न्यूकॅसलला गेला. वॉल्सएंड खाणीचे व्यवस्थापक जॉन बडल यांनी त्याला खाणीतली परिस्थिती समजावून दिली. हॉजसन यांनी हेबर्न खाणीतला वायू बाटल्यांत भरून लंडनला पाठवला. मग प्रयोगशाळेचे दार बंद झाले आणि पुढच्या काही आठवड्यांत काम फत्ते झाले.

डेव्हीने दिव्याच्या आकाराचा विचार नंतर केला, आधी शत्रू समजून घेतला. हा वायू किती हवेत मिसळला की सर्वांत जोराने भडकतो? तो पेटायला किती उष्णता लागते? मोजमापे घेतल्यावर दोन गोष्टी त्याच्या ध्यानात आल्या. एक, इतर ज्वालाग्राही वायूंच्या मानाने हा वायू पेटायला उष्णता बरीच जास्त लागते. दोन, स्फोटाची ज्वाळा अगदी अरुंद नळीतून पलीकडे जाऊ शकत नाही. नळीच्या थंड भिंती तिची उष्णता शोषून घेतात आणि ती विझते. 9 नोव्हेंबर 1815 रोजी रॉयल सोसायटीपुढे त्याने हे निष्कर्ष मांडले.

यापुढची पायरी त्याच्या प्रतिभेची साक्ष देते. अरुंद नळी हवी, पण ती किती लांब हवी? नळ्या पुष्कळ असल्या आणि प्रत्येकीचे तोंड पुरेसे बारीक असले, तर लांबी कमी कमी करत नेता येते. लांबी जवळजवळ नाहीशी केली की उरते ती तारेची जाळी. एका चौरस इंचात 784 छिद्रे, म्हणजे उभ्या-आडव्या प्रत्येकी 28 तारा, असे प्रमाण त्याने ठरवले. साध्या तेलाच्या दिव्याभोवती अशा जाळीचे नळकांडे बसवले की काम झाले. हवा आत जाते, उजेड बाहेर येतो. आत शिरलेला वायू जाळीतच जळतो. पण तारा उष्णता पसरवून टाकतात, त्यामुळे जाळीबाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरच्या ज्योतीवर तारेची जाळी आडवी धरली की ज्योत जाळीखालीच अडते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यात आणि डेव्हीच्या दिव्यात तत्त्व एकच.

या दिव्याचा आणखी एक गुण होता. तो वायूची चाहूल देत असे. हवेत मिथेन असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी चढे आणि प्रमाण वाढेल तशी तिची उंची वाढे. प्राणवायू कमी झाला तर ज्योत मंदावून विझे. अनुभवी माणूस ज्योतीकडे पाहून मागे फिरायचे की पुढे जायचे ते ठरवू शकत असे. उजेड देणारे आणि धोका मोजणारे असे हे एकच साधन होते.

9 जानेवारी 1816 रोजी हेबर्न खाणीत पहिली चाचणी झाली. दिवा घेऊन स्वतः हॉजसन खाणीत उतरले होते. तिथे एकट्याच काम करणाऱ्या, काहीच कल्पना नसलेल्या एका कामगाराला अंधारातून उजेड पुढे येताना दिसला आणि तो घाबरून दिवा विझवा म्हणून ओरडू लागला, अशी आठवण सांगितली जाते. ज्योत जवळ आली, जाळी आतून निळसर झाली आणि काहीच झाले नाही. त्या माणसाच्या मनात तेव्हा काय आले असेल, याची कल्पनाच करावी.

नाकारलेले पेटंट, नाकारलेला माणूस

बडल यांनी डेव्हीला पेटंट घेण्याचा आग्रह केला. वर्षाला पाच-दहा हजार पौंड सहज मिळाले असते. डेव्हीने साफ नकार दिला. माणुसकीसाठी केलेल्या कामावर धन कमवायचे नाही, हा त्याचा निश्चय होता. दिवा कुणीही बनवावा, कुणीही विकावा. खाणमालकांनी कृतज्ञता म्हणून 1817 साली त्याला चांदीच्या ताटवाट्यांचा भारी संच अर्पण केला. तोही पुढे त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे रॉयल सोसायटीकडे गेला आणि त्यातून रसायनशास्त्रातल्या कामासाठी डेव्ही पदक सुरू झाले. ते 1877 पासून दिले जाते.

इथवर ही एका उदार माणसाची कथा आहे. पण खरे चरित्र लिहायचे तर दुसरी बाजू झाकता येत नाही.

न्यूकॅसलजवळच्याच किलिंगवर्थ खाणीत जॉर्ज स्टीफन्सन नावाचा यंत्रकारागीर होता. हाच तो पुढे आगगाडीमुळे जगप्रसिद्ध झालेला स्टीफन्सन. लहानपणी शाळा नाही, अक्षरओळख मोठेपणी झालेली, बोली अस्सल उत्तरेची. त्यानेही चाचपडत, स्वतःच्या अनुभवावर विसंबून एक सुरक्षा दिवा तयार केला होता. त्यात ज्योतीभोवती काच आणि हवेसाठी बारीक छिद्रे होती. 21 ऑक्टोबर 1815 रोजी, म्हणजे डेव्हीच्या निबंधाआधी सुमारे तीन आठवडे, तो आपला दिवा हाती घेऊन खाणीतल्या वायूच्या झोतात शिरला होता. अपयश आले असते तर तो परत आला नसता.

डेव्हीला हे सहन झाले नाही. असा अशिक्षित कारागीर स्वतंत्रपणे या कल्पनेपर्यंत पोचू शकतो, हे त्याला पटेना. स्टीफन्सनने आपली कल्पना चोरली असाच त्याचा ठाम समज झाला. न्यूकॅसलच्या काही मंडळींनी चौकशी करून स्टीफन्सनला निर्दोष ठरवले आणि एक हजार पौंड जमवून त्याचा सत्कार केला, तेव्हा डेव्हीने त्यांना रागाची पत्रे लिहिली. पुढे पार्लमेंटच्या समितीनेही दोघांचे श्रेय मान्य केले. आज इतिहासकार मानतात की दोघेही आपापल्या वाटेने तिथे पोचले. एकाची वाट तत्त्वाची, दुसऱ्याची हाताची. डेव्ही स्वतः लाकूड कोरणाऱ्याचा मुलगा होता, त्यालाही कुणीतरी ओळखून वर आणले होते. पैशाचा मोह त्याने सहज सोडला. श्रेयाचा मोह त्याला सुटला नाही.

फॅरेडेच्या बाबतीतही हेच झाले. सुरक्षा दिव्याच्या कामात फॅरेडेची मोलाची मदत झाली होती आणि डेव्हीने ती जाहीरपणे नोंदवलीही होती. पण शिष्य मोठा होऊ लागला तसा गुरू दुरावला. 1824 साली फॅरेडेची रॉयल सोसायटीवर निवड होत होती. डेव्ही तेव्हा त्या संस्थेचा अध्यक्ष होता आणि त्याने या निवडीला विरोध केला. निवड झालीच, विरोधात एकच मत पडले. फॅरेडेने मात्र डेव्हीविषयी आदर कधी सोडला नाही. डेव्हीच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, 1831 साली, फॅरेडेने चुंबकापासून वीज निर्माण करण्याचे तत्त्व शोधले. आज घराघरांत येणारी वीज त्याच तत्त्वावर चालते.

दिव्याचे यश आणि मर्यादा

सुरक्षा दिवा आला आणि स्फोट संपले, असे म्हणता आले असते तर फार बरे झाले असते. तसे झाले नाही. दिव्यामुळे धीर येऊन मालकांनी पूर्वी वायूमुळे सोडून दिलेल्या धोक्याच्या भागांत आणि आणखी खोलवर माणसे उतरवली. हवा खेळती ठेवण्याचा खर्च टाळण्यासाठीही दिव्याची सबब पुढे करता येत असे. जाळी गंजली, एखादी तार तुटली की संरक्षण संपले. हवेचा झोत जोराचा असेल तर ज्योत जाळीपलीकडे ढकलली जाई. शिवाय उजेड अगदीच मंद. कामगाराला मजुरी मिळे ती खणलेल्या कोळशाप्रमाणे. कमी दिसले की कमी खणले, कमी खणले की पोराबाळांच्या तोंडचा घास कमी. म्हणून कित्येकजण जाळी काढून काम करत. वर्षानुवर्षे अंधूक उजेडात काम केल्याने डोळ्यांची बुबुळे थरथरण्याचा विकार पुढे खाणकामगारांत सर्रास आढळू लागला. ज्या बडल यांनी डेव्हीचा दिवा डोक्यावर घेतला, त्यांच्याच वॉल्सएंड खाणीत 1835 साली स्फोटात 102 माणसे गेली.

यातून धडा घेतला गेला, पण सावकाश. दिव्याला काच आली, दुहेरी जाळ्या आल्या, कामगाराला उघडता येणार नाही असे कुलूप आले. खाणीच्या तोंडाशी दिव्यांची वेगळी खोली आली. प्रत्येक दिव्याला क्रमांक असे. पाळी संपल्यावर एखादा दिवा जागेवर परत आला नाही, तर एक माणूस अजून खालीच आहे हे लगेच कळे. हवा खेळती ठेवण्याचे आणि वायू तपासण्याचे कायदे झाले. आपल्याकडे तेलंगणातील सिंगरेणीच्या किंवा विदर्भातील चंद्रपूर-वणी भागातल्या खाणींत ज्यांच्या घरची माणसे नोकरीला होती, त्यांना वायू तपासायचा पितळी दिवा ऐकून तरी ठाऊक असेल. तो डेव्हीच्याच घराण्यातला.

अखेरचे दिवस

1820 ते 1827 डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता, पण ही वर्षे सुखाची नव्हती. युद्धनौकांच्या तळाचे तांबे खाऱ्या पाण्याने झिजू नये म्हणून त्याने जस्त आणि लोखंड यांचे तुकडे जोडण्याची युक्ती काढली. तांबे वाचले, पण आता त्यावर शिंपले आणि शेवाळ चिकटू लागले आणि जहाजे मंदावली. नौदलाने योजना सोडून दिली आणि वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली. गंमत अशी की, हेच तत्त्व आज जमिनीखालच्या नळांपासून जहाजांच्या पोलादापर्यंत सर्वत्र वापरले जाते. संसारही मनाजोगता नव्हता, मूलबाळ नव्हते. 1826 च्या अखेरीस अर्धांगाचा झटका आला. अध्यक्षपद सोडून तो युरोपात हवापालटासाठी हिंडू लागला. मासेमारीवर आणि जीवनविषयक चिंतनावर त्याने याच आजारपणात पुस्तके लिहिली. 29 मे 1829 रोजी जिनिव्हा इथे, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, त्याचा अंत झाला. तिथल्याच दफनभूमीत तो विसावला. पेन्झन्सच्या भर बाजारपेठेत त्याचा पुतळा उभा आहे, तो सुरक्षा दिव्यासह.

उद्याचा दिवा

डेव्हीनंतर हातातला उजेड कुठवर आला? 1860 च्या दशकात फ्रान्सच्या लक्लांशेने नवा विद्युतघट केला, पुढे त्याचा कोरडा सेल झाला आणि 1899 साली अमेरिकेत नळकांड्याच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट निघाले. 1914 च्या सुमारास एडिसनने कामगाराच्या टोपीवर लावायचा विजेचा दिवा आणला. दोन्ही हात मोकळे झाले आणि उघडी ज्योत खाणीतून हळूहळू हद्दपार झाली. निळ्या एलईडीच्या शोधाने पांढरा प्रकाश स्वस्त झाला. त्या शोधासाठी 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज टोपीवरचा दिवा वजनाने हलका झाला आहे. काहींत वायू ओळखणारे संवेदक असतात, काहींत तो माणूस खाणीत कुठे आहे हे सांगणारी खूण असते. उजेड देणे आणि धोका मोजणे ही दोन्ही कामे डेव्हीच्या दिव्यानंतर पुन्हा एकाच साधनात येत आहेत.

आणि डेव्हीचे तत्त्वही जुने झालेले नाही. विजेच्या बटणात ठिणगी पडतेच. लिथियमची बॅटरी बिघडली तर स्वतःच पेटते. म्हणून खाणीतल्या दिव्याचे मंडल असे आखावे लागते की, त्यातली ठिणगी वायू पेटवण्याइतकी तापूच नये. खाणीतल्या मोटारींची आवरणे अशी बनवतात की, आत स्फोट झाला तरी ज्वाळा जोडावरच्या अरुंद फटीतून बाहेर येईपर्यंत थंड व्हावी. पेट्रोलच्या टाक्यांच्या हवानळीला बारीक जाळी बसवतात तीही यासाठीच. या साऱ्यांच्या मुळाशी 1815 च्या त्या हिवाळ्यातला विचार आहे की, ज्वाळेची उष्णता काढून घेतली की ती पुढे जाऊ शकत नाही.

उद्याच्या विजेऱ्या याहून तेजस्वी होतील, याबद्दल शंका नाही. डेव्हीच्या दिव्याचा इतिहास मात्र त्या बनवणाऱ्यांना आणि वापरायला देणाऱ्यांना एक गोष्ट सांगून ठेवतो. चांगला दिवा हाती दिला म्हणून खेळत्या हवेचा, दुरुस्तीचा आणि मजुरीचा विचार टाळता येत नाही. ज्या खाणींनी हे तिन्ही सांभाळले, तिथला दिवा माणसांना सुखरूप वर घेऊन आला.